शेठ वालचंद हिराचंद आणि बंगळूरचा विमान कारखाना

होसकोटे हे नाव महाराष्ट्राच्या इतिहासाला परके नाही. आदिलशाहीकडून शहाजीराजांना कर्नाटकात जी जहागीर मिळाली, तिच्यात बंगळूरबरोबरच होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरा हे मुलूख मोडत असत. मराठी भाषा या भागात आली ती त्या काळापासून. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, १९४० साली, महाराष्ट्रातून आणखी एक पुरुष बंगळूरच्या पूर्व अंगाला आला. त्याच्यासोबत घोडदळ नव्हते आणि कोणत्याही शाहीची सनदही नव्हती. विमान बांधण्याचा अनुभव नव्हता. कारखाना उभारण्याचा निर्धार मात्र पक्का होता. आज होसकोट्याहून शहराकडे येताना डोक्यावरून जी विमाने घोंगावत जातात, त्यांच्या आवाजात त्या निर्धाराचा एक अंश अजून ऐकू येतो. त्या पुरुषाचे नाव शेठ वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. दोशी घराणे मूळचे गुजरातचे, दिगंबर जैन, आणि व्यापारानिमित्त सोलापुरात स्थिरावलेले. घरात गुजराती आणि पेठेत मराठी अशा दुहेरी वातावरणात ते वाढले. वडील हिराचंद नेमचंद हे सावकारी आणि कापसाचा व्यापार करीत, पण त्यांची ओळख तेवढीच नव्हती. समाजसुधारणेची त्यांना ओढ होती आणि ‘जैन बोधक’ हे मासिक त्यांनी चालविले होते. पैसा मिळवावा, पण तो मिळवून माणसाने आपल्या समाजासाठी काही उभे करावे, हा संस्कार वालचंदांना घरातूनच मिळाला. शिक्षण सोलापूर, मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज अशा ठिकाणी झाले. पदवी मात्र त्यांच्या हाती आली नाही. घरच्या व्यापारात शिरले, पण गादीवर बसून व्याजाचे हिशेब मांडण्यात त्यांचे मन रमेना.

त्या काळी सोलापूर जिल्ह्यात बार्शी लाइट रेल्वेचे काम चालू होते. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील एका माजी कारकुनाशी वालचंदांची गाठ पडली. फाटकांना कामाची माहिती होती, वालचंदांपाशी भांडवल होते. दोघांनी मिळून त्या अरुंद लोहमार्गाच्या एका तुकड्याचे कंत्राट घेतले आणि ‘फाटक-वालचंद’ ही पेढी जन्माला आली. कंत्राटदाराच्या धंद्याने त्यांना तीन गोष्टी शिकविल्या. माणसे आणि साहित्य ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी पोहोचविणे ही पहिली. सरकारी अधिकाऱ्यांच्या दारात न वाकता उभे राहणे ही दुसरी. आणि जे काम आपण पूर्वी कधी केले नाही तेही, जाणकार माणसे जमविली तर, करता येते, ही तिसरी. पुढे बोरघाटातील बोगदे, मुंबईला पाणी आणणारी तानसाची नळवाहिनी, सिंधू नदीवरचा कालाबागचा पूल अशी मोठमोठी कामे त्यांच्या हातून झाली, ती या तिसऱ्या धड्याच्या बळावर.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा एक प्रसंग असा घडला की त्याने वालचंदांच्या आयुष्याची दिशा बदलली. ‘लॉयल्टी’ नावाचे एक जहाज विकावयाचे होते. हे जहाज मुळात कॅनडाच्या कंपनीचे उतारू जहाज. युद्ध सुरू झाल्यावर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ते विकत घेऊन जखमी हिंदी सैनिकांसाठी तरते रुग्णालय म्हणून सरकारला दिले होते. युद्ध संपल्यावर त्याचे काम उरले नव्हते. दिल्लीहून मुंबईला येताना रेल्वेच्या डब्यात ही बातमी वालचंदांच्या कानी आली. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्यासमवेत त्यांनी ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. आज तो दिवस आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. युद्धासाठी वापरलेले साधन शांततेच्या उद्योगासाठी कसे वळवावे, हे वालचंदांनी तेव्हा अनुभवले. वीस वर्षांनी नियतीने त्यांना याच्या नेमके उलटे काम करावयास लावले.

त्या वीस वर्षांत ते दोन आघाड्यांवर लढत होते. समुद्रावर इंग्रजी जहाज कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला बुडविण्याचा प्रयत्न चालविला होता. त्या दरयुद्धात कंपनी तगली, पण किनाऱ्यावरचा माल वाहण्याचा मर्यादित वाटाच तिच्या पदरात पडला. जमिनीवर त्यांनी साखरेकडे लक्ष वळविले होते. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव येथे खडकाळ माळरान विकत घेऊन त्यांनी शेतीचा प्रयोग सुरू केला. जमीन फोडणे, पाणी खेळविणे, ऊस लावणे यात दहा वर्षे गेली आणि १९३३ साली तेथे साखर कारखाना उभा राहिला. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील कळंब गावाजवळ दुसरा कारखाना निघाला. त्या वसाहतीला पुढे वालचंदनगर हे नाव मिळाले. ज्या ठिकाणी गवताची काडी उगवत नव्हती तेथे शाळा, दवाखाना आणि कामगारांची घरे उभी राहिली. वालचंदांच्या दृष्टीने कारखाना म्हणजे यंत्रांची ओळ एवढेच नव्हते. त्याच्या भोवती एक गाव वसले पाहिजे, आणि त्या गावातील मुलांच्या हातांना उद्या यंत्राची ओळख झाली पाहिजे, असे ते मानीत.

१९३९ च्या सप्टेंबरमध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्या सुमारास वालचंद अमेरिकेत होते. हिंदुस्थानात मोटारगाड्यांचा कारखाना काढावा ही सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांची योजना होती आणि वालचंदांनी ती आपली मानली होती. त्यासाठी अमेरिकन मोटार कंपन्यांशी बोलणी करून ते पॅसिफिक महासागरावरून विमानाने परत येत होते. त्या प्रवासात विल्यम पॉली नावाचा अमेरिकन उद्योजक त्यांचा सहप्रवासी होता. पॉलीने चीनमध्ये विमाने जोडण्याचा कारखाना चालविला होता. अमेरिकन कारखान्यांतून सुटे भाग मागवावयाचे, ते जोडून विमान उभे करावयाचे आणि हळूहळू एकेक भाग आपल्या येथेच घडवू लागावयाचे, अशी ती पद्धत. रेल्वेच्या डब्यात जसे जहाज सापडले होते, तसा विमानाच्या आसनावर बसल्या बसल्या वालचंदांना विमानाचा कारखाना सापडला.

या योजनेचे महत्त्व समजावयाचे तर त्याच वेळी जगात इतरत्र काय चालले होते ते पाहिले पाहिजे. युद्ध भडकले आणि युरोप-अमेरिकेतील शांततेच्या काळातील कारखाने पाहता पाहता शस्त्रास्त्रांकडे वळले. त्यांत खेळण्यांचे कारखानेही होते. लंडनजवळ मर्टन येथे लाइन्स ब्रदर्स ही कंपनी ‘ट्राय-अँग’ या नावाने मुलांच्या मोटारी आणि सायकली बनवीत असे; युद्धकाळात तेथे स्टेन बंदुका तयार होऊ लागल्या. फ्रँक हॉर्नबी यांनी ज्या ‘मेकॅनो’ खेळाने जगभरच्या मुलांना नट-बोल्ट फिरवावयास शिकविले, त्याचा लिव्हरपूलचा कारखानाही युद्धोपयोगी मालाकडे वळला. हॉर्नबी स्वतः ते पाहावयास हयात नव्हते. १९३६ सालीच त्यांचे निधन झाले होते. अमेरिकेत लायनेल कंपनीने १९४२ साली खेळण्यातील आगगाड्या बनविणे थांबविले आणि नौदलासाठी होकायंत्रे घडविण्यास घेतली.

हे इतक्या सहज कसे झाले? उत्तर साधे आहे. खेळण्यातील मोटार असो की बंदुकीचा सांगाडा असो, पोलादी पत्रा कापणे, साच्यात दाबणे, त्याला अचूक मापाचे भोक पाडणे आणि भाग एकमेकांत बसविणे ही कामे दोन्हीकडे सारखीच. दाबयंत्रे तीच, साचे करणारे कारागीर तेच, मोजमापाची शिस्तही तीच. बदलावयाचा तो फक्त साचा. ज्या देशापाशी खेळण्यांचे कारखाने होते, त्या देशापाशी संकटसमयी शस्त्रांचे कारखाने आपोआप होते.

हिंदुस्थानापाशी मात्र वळविण्यासारखे फारसे काही नव्हतेच. तागाच्या आणि कापडाच्या गिरण्या होत्या, जमशेदपूरला पोलाद होत होते, सरकारी तोफखान्याचे कारखाने होते. पण मोटारगाडीचे इंजिन येथे बनत नव्हते, आणि चावीवर चालणारी पत्र्याची खेळणी बहुतेक परदेशातून येत. बंगळूरपासून फार दूर नसलेल्या चन्नपट्टणचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या लाखेच्या रंगांनी झळकणारी सुरेख लाकडी खेळणी घडवीत होते. त्यांच्या हातात कौशल्य काठोकाठ होते. परंतु लाकडी चरकावर फिरणाऱ्या त्या कौशल्याला पोलादी यंत्राशी जोडून देणारा दुवा परकीय राजवटीने कधी निर्माण होऊ दिला नाही. म्हणून इंग्लंडमध्ये जे काम साचा बदलून झाले, ते येथे पाया खणण्यापासून करावे लागणार होते. वालचंदांनी पत्करलेली जबाबदारी ही होती.

सरकारने प्रथम टाळाटाळ केली. युद्धाच्या ऐन धामधुमीत अमेरिकेची यंत्रसामग्री ब्रिटनला मिळावयाची, तिचा वाटा हिंदुस्थानाकडे कशासाठी वळवावयाचा, हा लंडनचा विचार. परंतु जून १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि चित्र पालटले. ब्रिटनच्या कारखान्यांवर बाँब पडू लागले तर पूर्वेकडील सैन्याला विमाने कोठून मिळणार, हा प्रश्न खुद्द सरकारपुढे उभा राहिला. परवानगी मिळाली.

जागेसाठी निरनिराळ्या संस्थानांचा विचार झाला आणि निवड म्हैसूरची झाली. याची कारणे व्यवहारी होती. शिवसमुद्रमच्या धबधब्यामुळे संस्थानात विजेची सोय होती, भद्रावतीला लोखंड-पोलादाचा कारखाना होता, आणि बंगळुरात १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था होती. हवा कोरडी व सौम्य, समुद्रकिनारा दूर, म्हणून शत्रूच्या माऱ्यापासून तुलनेने सुरक्षितता. या सर्वांहून मोठे कारण म्हणजे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांची दूरदृष्टी. संस्थानाने शहराच्या पूर्वेस सुमारे सातशे एकर जमीन विनामूल्य दिली आणि भांडवलातही भाग घेतला. वालचंदांच्या बाजूने तुलसीदास किलाचंद आणि धरमसी मुळराज खटाव हे उद्योगपती उभे राहिले. २३ डिसेंबर १९४० रोजी ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनीची बंगळुरात नोंदणी झाली. मार्च १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकारने पंचवीस लाख रुपये घालून एक तृतीयांश भाग घेतला.

येथे एक प्रश्न टाळता येणार नाही. त्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १९४० रोजी, विनोबा भावे यांनी पवनार येथे वैयक्तिक सत्याग्रहाला प्रारंभ केला होता. देशाला न विचारता देशाला युद्धात ओढणाऱ्या सरकारला साहाय्य करावयाचे नाही, हा त्या सत्याग्रहाचा आशय. हजारो सत्याग्रही तुरुंगात जात होते. आणि राष्ट्रीय चळवळीशी जवळीक असलेला, इंग्रजी कंपन्यांशी वीस वर्षे झुंजलेला हा उद्योगपती त्याच सरकारच्या युद्धासाठी विमाने बांधावयास निघाला होता. त्यात नफ्याचा विचार नव्हता असे म्हणणे खरे होणार नाही. वालचंद व्यापारी होते आणि त्यांनी ते कधी लपविले नाही. पण त्यांचा हिशेब निव्वळ नफ्याचाही नव्हता. शांततेच्या काळात सरकार त्यांना मोटारगाडीचाही कारखाना काढू देत नव्हते. युद्धाने एक दार किंचित उघडले होते. ते पुन्हा बंद होण्यापूर्वी त्यातून जितकी यंत्रे आणि जितके शिक्षण आत घेता येईल तितके घ्यावे, असा तो हिशेब होता. युद्ध आज ना उद्या संपेल, सरकारही जाईल. विमानाचा पंख जोडावयास शिकलेला हात मात्र येथेच राहील. सत्याग्रहींचा मार्ग आणि हा मार्ग एकच नव्हेत. दोन्हींच्या टोकाशी स्वतंत्र देश होता, एवढे मात्र म्हणता येते.

कारखाना ज्या वेगाने उभा राहिला तो आजही थक्क करणारा आहे. अमेरिकेतून यंत्रे आणि सुटे भाग समुद्रमार्गे आले, त्यांच्याबरोबर पॉलीच्या कंपनीचे तंत्रज्ञ आले. त्यांच्या हाताखाली बंगळूर आणि आसपासच्या भागातील तरुण रिव्हेट ठोकू लागले, पत्रा वाकवू लागले, इंजिनाची नळी नळीला जोडू लागले. १९४१ साल संपण्यापूर्वीच ‘हार्लो’ जातीचे पहिले प्रशिक्षण विमान बंगळूरच्या आकाशात उडाले. भाग परदेशातून आलेले होते हे खरे. पण ते जोडणारे हात येथले होते. जुलै १९४२ मध्ये ‘कर्टिस हॉक’ हे लढाऊ विमानही उडाले. या तंत्रज्ञांत एक मराठी नाव विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे जर्मनीत गॉटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्यापाशी वायुगतिशास्त्र शिकून आले होते. त्यांनी या कारखान्यात दहा आसनांच्या एका ग्लायडरचा आराखडा केला. सुटे भाग जोडण्याच्या पलीकडे जाऊन आपला आराखडा आपण करावा, या दिशेने पडलेले ते पहिले पाऊल होते.

‘हॉक’ आकाशात उडाले तेव्हा मात्र वालचंद त्या कारखान्याचे मालक राहिले नव्हते. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून. युद्ध हिंदुस्थानच्या उंबरठ्यावर आले. इतका महत्त्वाचा कारखाना खाजगी हातांत ठेवणे सरकारला मान्य नव्हते. शिवाय नवी विमाने जोडण्यापेक्षा मोडलेली विमाने दुरुस्त करून देणारा तळ सरकारला अधिक तातडीने हवा होता. एप्रिल १९४२ च्या आरंभी वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे भाग सरकारने विकत घेतले. म्हैसूर संस्थानाने आपला भाग ठेवला, पण कारभारातून अंग काढून घेतले. कंपनी नोंदविल्यापासून पुरते दीड वर्षही झाले नव्हते.

दैव तेवढ्यावर थांबले नाही. वालचंदांचे दुसरे स्वप्न विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर उभे राहत होते. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथे सिंदियाच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसविण्यात आली होती. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बाँब टाकले आणि तेथील काम थांबले. आठवडाभराच्या आत बंगळूरचा कारखाना हातून गेला आणि विशाखापट्टणमचा ओस पडला. तेव्हा वालचंद साठीच्या घरात होते. एखाद्या माणसाने आयुष्याचा हिशेब तेथेच मिटवला असता.

त्यांनी तो मिटवला नाही. त्याच १९४२ साली रावळगावच्या साखरेपासून मुलांच्या गोळ्या-चॉकलेटे बनविण्यास सुरुवात झाली. पुढच्या दोन-तीन पिढ्यांतील मराठी मुलांनी शाळेच्या वाटेवरच्या दुकानातून जी ‘रावळगाव’ची गोळी घेतली, तिचा उगम त्या वर्षातला. जगातील खेळण्यांचे कारखाने शस्त्रांकडे वळत होते त्या वर्षी, विमानाचा कारखाना गमावलेल्या या उद्योजकाच्या दुसऱ्या कारखान्यातून मुलांचा खाऊ बाहेर पडू लागला. हा योगायोग असेल. पण कारखाना कोणता वाईट आणि कोणता चांगला हे ठरवण्याची घाई करू नये, हे तो सुचवून जातो. यंत्राला स्वतःचा पक्ष नसतो. त्यातून बंदूक निघावी की बाहुली, हे काळ आणि माणसे ठरवितात. पण यंत्रच नसेल तर ठरविण्याचा हक्कही दुसऱ्याच्या हाती जातो.

१९४४ साली वालचंदांनी मुंबईत ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ स्थापन केली आणि सरकारने अडवून धरलेली मोटारगाडी अखेर रस्त्यावर आणली. विशाखापट्टणमचे काम पुन्हा सुरू झाले. १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ हे तेथे बांधलेले आठ हजार टनी जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते समुद्रात सोडण्यात आले. ‘लॉयल्टी’ने मुंबई सोडली त्याला तेव्हा एकोणतीस वर्षे होत आली होती. विकत घेतलेल्या जुन्या जहाजापासून स्वतः बांधलेल्या नव्या जहाजापर्यंत पोहोचण्यास एवढा काळ लागला.

इकडे बंगळूरचा कारखाना १९४३ साली अमेरिकन वायुसेनेच्या व्यवस्थेखाली गेला आणि पूर्वेकडील आघाडीवरच्या विमानांच्या दुरुस्तीचे मोठे केंद्र बनला. पाण्यावर उतरणारी ‘कॅटलिना’ विमाने बेळ्ळंदूरच्या तळ्यावर उतरत आणि तेथून दुरुस्तीसाठी कारखान्यात जात. नवी विमाने बांधण्याचे स्वप्न तात्पुरते बाजूला पडले. परंतु निरनिराळ्या जातींची इंजिने उघडून, तपासून, पुन्हा जोडून देता देता हजारो हात तयार झाले. याच काळात, १९४२ च्या डिसेंबरात, भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला आणि डॉ. घाटगे यांनी त्यात अध्यापन केले. कारखाना आणि विद्यालय एकमेकांच्या शेजारी वाढू लागले.

वालचंदांचा हिशेब खरा ठरला तो येथे. युद्ध संपले, अमेरिकन सैन्य परत गेले, १९४७ साली इंग्रजही गेले. जमीन, शेड, यंत्रे आणि शिकलेली माणसे येथेच राहिली. ऑगस्ट १९५१ मध्ये डॉ. घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली आखलेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान बंगळूरच्या धावपट्टीवरून उडाले. आराखडा आणि बांधणी दोन्ही भारतीय. स्वतंत्र भारताच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्याच विमानावर उडावयास शिकल्या. १९६४ साली विलीनीकरणातून या कंपनीची ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ झाली; आज तिला सारा देश ‘एचएएल’ म्हणून ओळखतो.

‘एचटी-२’ उडाले तेव्हा वालचंद हयात होते, पण पक्षाघाताच्या झटक्याने अंथरुणाला खिळलेले. १९४९ मध्ये आलेल्या त्या झटक्यानंतर त्यांनी कामातून निवृत्ती घेतली होती. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. विशाखापट्टणमचा जहाज कारखानाही त्याआधीच, १९५२ साली, मुख्यत्वे सरकारच्या मालकीचा झाला होता. ज्या दोन कारखान्यांवर त्यांनी सर्वाधिक जीव लावला, ते दोन्ही अखेरीस त्यांच्या घराण्याच्या नावावर राहिले नाहीत. देशाच्या नावावर राहिले.

त्यांचे नाव आज सर्वांत अधिक उच्चारले जाते ते सांगलीतील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे. हे यथायोग्यच आहे. पदवी न मिळालेल्या या माणसाने आयुष्यभर माणसांना शिकविणारी ठिकाणे उभारली. त्या ठिकाणांना आपण कारखाना म्हणतो, एवढाच फरक. बार्शीच्या रुळांवर शिकलेला मुकादम, रावळगावच्या माळावर शिकलेला शेतकरी, बंगळूरच्या शेडमध्ये शिकलेला रिव्हेटर हे सारे त्यांचेच विद्यार्थी होते.

मराठी माध्यमाच्या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या अनेकांनी बंगळूरच्या कारखान्यांत, प्रयोगशाळांत आणि कार्यालयांत आपले आयुष्य घडविले आहे. हे शहर यंत्रांचे आणि विमानांचे शहर झाले, त्याच्या पायात सोलापूरच्या एका कंत्राटदाराने घातलेला दगड आहे, हे त्यांच्या मुलांना ठाऊक असावे. मूल खेळण्यातील विमानाचा पंख उचकटते तेव्हा घरात रागावणे होते. तो पंख पुन्हा कसा बसवावा हे त्याच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर देऊन शिकविले, तर त्या घरात एक छोटा कारखाना सुरू होतो. देशाचे मोठे कारखाने अशाच घरांतून आणि अशाच शाळांतून माणसे घेतात.